लाल टिकली

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. टोरांटो.

सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून गेले आणि तासभर दुकानातच रेंगाळले. चर्च आणि कार्लटन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं लॉबलॉज. खाली किराणा, भाज्या आणि चीजची एक अख्खी भिंत. वर विद्यापीठाचं क्रीडासंकुल. ही इमारत म्हणजे जुनं मेपल लीफ गार्डन्स. १९३१ पासून १९९९ पर्यंत आइस हॉकीची पंढरी. २५ नंबरच्या रांगेत फरशीवर एक लाल टिकली आहे, हॉकीच्या मैदानाचा मध्य दाखवणारी. लोक तिच्यावर उभे राहून फोटो काढतात. मीही उभी राहिले, पण डोक्यात हॉकी नव्हती, बास्केटबॉल होता.

१९४६ सालच्या १ नोव्हेंबरला, शुक्रवारी रात्री, याच छताखाली टोरांटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निकरबॉकर्स असा सामना झाला. एनबीए, म्हणजे इथली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, आज आपला पहिला सामना म्हणून सांगते तो हाच. तेव्हा एनबीए हे नावही नव्हतं, ते १९४९ मध्ये दुसरी लीग सामावून घेतल्यावर आलं. १९४६ मध्ये होती बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, अकरा संघांची. तिच्यामागे बरेचसे मोठ्या हॉलचे मालक होते. हॉकी नसेल त्या रात्री एवढ्या खुर्च्या रिकाम्या, त्या भरायच्या कशा? आपल्याकडे आषाढात मुहूर्त नसले की मंगल कार्यालयात साड्यांचे सेल लागतात, त्यातलाच प्रकार.

जाहिरात मात्र झकास होती. हस्कीजचा जॉर्ज नॉस्ट्रँड सहा फूट आठ इंच. त्याच्याहून उंच असाल तर या, प्रवेश फुकट! पाच फूट तीन इंचांच्या मला हे वाचून दर वेळी हसू येतं. बाकीच्यांना पाऊण डॉलरपासून अडीच डॉलरपर्यंत तिकीट. ७,०९० माणसं आली.

बास्केटबॉल शोधून काढणारा जेम्स नेस्मिथ याच ओंटारिओ प्रांतात जन्मलेला. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला त्याने तो खेळ बसवला. पण हॉकीच्या या गावात त्याचं कौतुक कुणाला? हस्कीजमध्येसुद्धा जवळजवळ सगळी भरती अमेरिकन होती. याच प्रांतातल्या विंडसरमध्ये वाढलेला हँक बियासाट्टी हा त्यातला एक अपवाद.

पहिली बास्केट पडली ती पाहुण्यांची. ऑसी शेक्टमन, साधा ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन हलकेच टाकलेला बॉल. आपण इतिहासात गेलो हे त्या रात्री त्याला कुणी सांगितलं नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला या गोष्टीचं फार वाटतं. दोन पॉइंट, लगेच मागे पळायचं, आपला माणूस पकडायचा. हस्कीज मागे पडले, मग भरून काढलं, आणि शेवटी ६६-६८ असे हरले. दोन पॉइंटांनी! त्यांचा कोच एड सॅडोव्स्की खेळाडूही होता. त्याने १८ पॉइंट केले आणि मग पाच फाउल होऊन बाकावर जाऊन बसला. कोचच फाउल आउट झाल्यावर टाइमआउटमध्ये कोण कुणाला ओरडलं असेल?

तेव्हाचा खेळ आज आपल्याला बघवला नसता. चोवीस सेकंदांचं घड्याळ १९५४ मध्ये आलं, त्याआधी पुढे असलेला संघ बॉल धरून बसायचा. छातीपासून दोन्ही हातांनी, पाय रोवून मारलेला सेट शॉट हे मुख्य हत्यार. कित्येक हॉलमध्ये हॉकीच्या बर्फावरच लाकडी फळ्या अंथरत, त्यामुळे गारठलेले हात आणि कुठे ओल आली की घसरगुंडी. त्या हंगामात लीगभर शंभरातले अठ्ठावीसच शॉट आत जात. आमच्या पोराच्या शाळेच्या संघाचं प्रमाण याहून बरं असेल. (हे त्याला सांगायचं नाही.) बचाव करणारे सगळे रिंगखाली गर्दी करून उभे राहायचे, म्हणून जानेवारी १९४७ मध्ये झोन डिफेन्सवर, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्यावर, बंदीच घातली.

आणि हस्कीजचा हंगाम! सॅडोव्स्की बारा सामने टिकला: तीन जिंकले, नऊ हरले. मग तो संघ सोडून गेला आणि पुढे क्लीव्हलंडकडून खेळला. ल्यू हेमनने एक सामना सांभाळला, तो हरला. डिक फिट्झगेराल्डने तीन सांभाळले, त्यातले दोन जिंकले. मला वाटतं त्यालाच ठेवायला हवं होतं. पण आणलं कुणाला, तर रेड रॉल्फला. हा न्यूयॉर्क यांकीजचा जुना थर्ड बेसमन, म्हणजे नाव कमावलेलं ते बेसबॉलमध्ये. त्याच्या हाताखाली सतरा विजय, सत्तावीस पराभव.

हे वाचताना मला आमचं नागपूरचं कॉलेज आठवतं. सिमेंटचं ग्राउंड, एका बोर्डाची फळी उखडलेली. मधेच आमचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कबड्डीचे सर आले. बॉल हातात आला की ते बाहेरून ओरडायचे, "चढाई कर, चढाई!" आम्ही हसून हसून पास चुकवायचो. त्या वर्षी आम्ही एक सामना जिंकलो, तोही समोरच्या दोघी आजारी होत्या म्हणून. तरी त्या संघातल्या सहाजणी आजही रोज सकाळी मला गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. हस्कीज नंतर एकमेकांना पत्रं लिहीत असतील का?

साठ सामन्यांत २२ विजय, ३८ पराभव. पूर्व विभागात शेवटचा नंबर, आणि त्या नंबरवर बरोबरीला कोण, तर बॉस्टन सेल्टिक्स! दोघांचीही २२-३८. सेल्टिक्स टिकले, पुढे ते कितीदा चॅम्पियन झाले ते सांगायला नको. हस्कीज मात्र उन्हाळ्यात बंद पडले. पिट्सबर्ग, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइटचे संघही त्यांच्याबरोबर गेले. पहिली लीग जिंकली फिलाडेल्फिया वॉरियर्सने. त्यांचा जो फुल्क्स सामन्याला सरासरी २३ पॉइंट करायचा, आणि तेही उडी मारून शॉट घेऊन, जेव्हा बाकीचे जमिनीला चिकटलेले होते.

खरी चपराक पुढेच आहे. हस्कीज गुंडाळायच्या बेतात असताना, एप्रिल १९४७ मध्ये, याच हॉलमध्ये टोरांटोच्या हॉकी संघाने, मेपल लीफ्सने, हॉकीचा स्टॅनले कप जिंकला. एकच घर, धाकट्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. टोरांटोला दुसरा संघ मिळाला तो थेट १९९५ मध्ये, रॅप्टर्स. ते २०१९ मध्ये एनबीए जिंकले तेव्हा आम्ही इथे नवे होतो. नवरा म्हणाला, "हा तर बास्केटबॉलवाल्यांचा देश दिसतोय." मी काही बोलले नाही.

कोथिंबिरीची जुडी घेतली, हॅलोविनची उरलेली चॉकलेटं अर्ध्या किमतीत मिळाली तीही घेतली. काउंटरवरच्या मुलाने निळी टोपी घातलेली. सगळं शहरच आज निळं आहे. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना, टोरांटोचे ब्लू जेज विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स. त्याला म्हटलं, आज या इमारतीत एनबीएच्या पहिल्या सामन्याला ७९ वर्षं झाली. तो गोड हसला आणि म्हणाला, "पिशवी हवी का?"

(रात्री उशिरा) जेज हरले. अकरा इनिंग, ४-५. नवरा अजून टीव्हीसमोरच बसलाय, आवाज बंद करून. पोरगा जर्सी अंगात घालूनच सोफ्यावर झोपला. कोथिंबीर निवडायची राहूनच गेली.