तुम्ही विचारलंत म्हणून: खेड्यातल्या चर्चमध्ये बघायचं काय?

मी इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक परगण्यात राहते. भारतातून पाहुणे आले की लंडन, केंब्रिज झाल्यावर त्यांना जवळपासच्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये नेते. तिथं बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: एवढी मोठमोठी कॅथीड्रल (बिशपची मुख्य चर्च) बघून झाली, आता या गावच्या चर्चमध्ये वेगळं काय आहे?

पैसे कोणी दिले ते बघा, हे माझं उत्तर. कॅथीड्रलच्या मागे राजे होते, बिशप होते. खेड्यातलं चर्च गावानं उभं केलं, आणि तेही एकदम नाही. चार-पाचशे वर्षं, पैसा जमेल तसं ते वाढत, बदलत गेलं. कोणत्या पिढीचा हात सैल होता आणि कोणत्या पिढीचा आखडता, हे त्या भिंतींवर दिसतं.

आपल्या देवळातला सभामंडप आणि गाभारा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रचना चटकन लक्षात येईल. पश्चिमेकडचं मोठं दालन म्हणजे नेव्ह. तिथं गावकरी उभे राहत. पूर्वेकडचा लहान भाग म्हणजे चॅन्सेल; तिथं वेदी, आणि वावर पाद्र्याचा. १३व्या शतकात इंग्लंडभर असा रिवाज पक्का झाला की नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सेलची रेक्टरनं. रेक्टर म्हणजे गावाचा दशमांश ज्याच्या पदरात पडतो तो. पीक, लोकर, कोकरं, सगळ्याचा दहावा हिस्सा त्याचा. पुष्कळ गावांत हे रेक्टरपद एखाद्या मठाकडेच असे. दशमांशाचं धान्य मठाच्या कोठारात जाई आणि गावात पूजाअर्चा सांभाळायला थोडक्या मिळकतीवर एक व्हिकर नेमलेला असे. अशा ठिकाणी मठ चॅन्सेलवर हात राखून खर्च करतो आणि गाव मात्र नेव्ह दिमाखात वाढवतं, असं पुष्कळदा झालेलं दिसतं.

म्हणून मी पाहुण्यांना आधी बाहेरून प्रदक्षिणा घालायला लावते. दोन छपरं जिथं भेटतात तिथं उंचीतला फरक बघा, मग खिडक्या. अरुंद, वर गोल कमान असलेली खिडकी नॉर्मन काळातली, १२व्या शतकातली. लांब, भाल्याच्या पात्यासारखी टोकदार असेल तर १३वं शतक. दगडी जाळी वेलीसारखी वळणं घेत असेल तर १४वं. आणि रुंद खिडकीत उभ्या दगडी पट्ट्या सरळ वरपर्यंत गेलेल्या असतील तर १५वं. एकाच भिंतीत यातल्या दोन-तीन तऱ्हा शेजारी शेजारी सापडतात.

हा खर्चाचा रिवाज इतिहासजमाही झालेला नाही. १६व्या शतकात राजा आठव्या हेन्रीनं मठ बंद केले, त्यांच्या जमिनी आणि दशमांशाचे हक्क खासगी लोकांकडे गेले, आणि त्याबरोबर चॅन्सेलची जबाबदारीही गेली. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी अशी जमीन असलेल्या एका जोडप्याकडे चॅन्सेलच्या दुरुस्तीसाठी सुमारे ९५,००० पौंड मागितले गेले. ते कोर्टात गेले, आणि २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम तेच करी) निकाल त्यांच्या विरोधात दिला. मला हा निकाल फार कठोर वाटतो.

माझं सगळ्यात लाडकं चर्च ब्लायथबर्गचं. गाव छोटंसं, नदीकाठच्या दलदलीशेजारी, आणि चर्च मात्र इतकं भव्य की पाहणाऱ्याला आधी मेळच लागत नाही. एकेकाळी इथं बंदर होतं, व्यापार होता. १४१२ साली इथल्या मठाला चॅन्सेल नव्यानं बांधायची राजाची परवानगी मिळाली, आणि त्याच शतकात नेव्हही नवा झाला. सफोकमध्ये इमारतीचा चांगला दगड नाहीच. शेतात सापडतात त्या चकमकीच्या गारा चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. खिडक्यांच्या चौकटींसाठी घडीव दगड बाहेरून आणावा लागे. पण त्या गारा फोडल्या की आतून काळ्याभोर, काचेसारख्या तुळतुळीत निघतात. त्या फिकट दगडाच्या कोंदणात बसवून कारागिरांनी बाहेरच्या भिंतीवर नक्षी आणि अक्षरं काढली आहेत. पाऊस पडून गेल्यावर ती बघावीत.

आत गेलात की मान वर करा. लाकडी छताच्या मधोमध पंख पसरलेले देवदूत आहेत, रंग फिके झालेले, पण मूळचे. १६४४ साली, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं मूर्तिपूजा म्हणून नष्ट करायला नेमलेला विल्यम डाउसिंग इथं आला आणि देवदूत उतरवायचा हुकूम देऊन गेला. ते इतके उंच आहेत की राहिले. पुढे त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याच माणसांकडे बोट दाखवलं. पण छर्रे निघाले १८व्या शतकातले: आत शिरणारे डोमकावळे मारायला चर्चनंच दारूगोळ्याचे पैसे दिल्याची नोंद हिशेबाच्या वहीत आहे. खाली बाकांच्या टोकांवर पापं कोरली आहेत. आळस अंथरुणात बसलाय, लोभ पैशाच्या पेटीवर. हे सुताराचं काम समोरच्या गावकऱ्यांना ओळखून केलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं.

तिथून थोड्याच मैलांवर वेनहॅस्टन आहे. नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधल्या कमानीत पूर्वी फळ्यांवर अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो त्याचं चित्र असे, ते सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात अशी चित्रं नकोशी झाली आणि त्यावर चुन्याचा पांढरा रंग फासला गेला. १८९२ साली दुरुस्तीच्या वेळी या फळ्या जुनं लाकूड म्हणून आवारात काढून टाकल्या, रात्री पाऊस आला, चुना धुपला आणि खालचे चेहरे वर आले. आता त्या फळ्या आत लावल्या आहेत. देवदूत मायकेल तराजूत आत्मा तोलतोय. राजा आणि बिशप उघडेवाघडे उभे आहेत, डोक्यावर तेवढा मुकुट नि टोपी. आणि मधे क्रूसाच्या आणि दोन माणसांच्या आकाराच्या मोकळ्या जागा आहेत. तिथं लाकडी मूर्ती ठोकलेल्या होत्या, त्यामुळे मूळ चित्रकारानं त्यांच्यामागे ब्रश फिरवलाच नाही. मूर्ती गेल्या, त्यांची बाह्यरेषा राहिली. मी दर वेळी आधी त्या मोकळ्या आकारांकडेच जाते.

तर यायचं ठरवलंत तर ब्लायथबर्ग ए १२ महामार्गाच्या अगदी कडेला आहे, लांबूनच दिसतं. दुर्बीण बरोबर घ्या, देवदूतांचे चेहरे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. आणि थोडा वेळ हाताशी ठेवा, म्हणजे वेनहॅस्टनही होईल.