काम सुटल्यावरचा भत्ता आणि एकाच बाईचे दोन विमा क्रमांक

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापतात ते फक्त दवाखान्यासाठी, असं आमच्या नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले बहुतेक कामगार धरून चालतात. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कुठल्याही गेटवर सुटीच्या वेळी उभं राहा आणि विचारा. कार्ड सगळ्यांकडे असतं, कामगार हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण काम सुटलं तर याच कार्डावर रोख पैसे मिळू शकतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं त्यातलेही बरेच जण अर्ज अर्ध्यात सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण हे पैसे कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही. दर महिन्याला कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, त्यातून हा हक्क तयार होतो.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के मिळायचे, कोविडच्या वेळी 24 मार्च 2020 पासून ते 50 टक्के केले. आयुष्यात जास्तीत जास्त 90 दिवसांचा भत्ता मिळतो. आधी काम सुटल्यावर 90 दिवस थांबावं लागायचं, ते कोविडमध्येच 30 दिवसांवर आणलं. हिशेब सांगते. महिना 14,000 पगार असलेल्या पॅकिंगवालीचे मागचे चारही सहामाही हप्ते पूर्ण भरलेले असतील, तर तिची सरासरी रोज साधारण 460 रुपये धरली जाते, त्याच्या निम्मे 230. 90 दिवसांचे होतात वीस हजारांच्या वर. चिंचपाड्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला काम गेल्यानंतरच्या महिन्यांत वीस हजार म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

मी ऐरोलीला राहते. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसात माझं निम्मं आयुष्य गेलं. मस्टर, हजेरी, ओव्हरटाइम, आणि दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत ईएसआयचं आणि भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे फंडाचं, चलन. त्यामुळे कॉम्प्युटरवर कामगाराला जे दिसतं त्याच्या पलीकडच्या बाजूला कोण काय भरतं, ते मला माहीत आहे. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन येतात. त्यातली एक गोष्ट सविस्तर लिहिते. तिची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही.

2023 च्या मे अखेरीला महाप्याच्या एका युनिटमधली पॅकिंगची लाइन बंद झाली. ठेकेदाराच्या माणसांना गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ही त्यातली एक. नवरा रिक्षा चालवतो, ती दुसऱ्याच्या मालकीची. मुलगा चौथीत, त्याला दम्याचा त्रास. जुलैत माझ्याकडे आली तेव्हा ती आधीच एका सायबर कॅफेत जाऊन आली होती. तिथल्या मुलाने पोर्टलवर काहीतरी भरलं, ‘तुम्ही पात्र नाही’ असं स्क्रीनवर आलं. वर त्याने सांगितलं की स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट लागेल, त्याचे आणि खटपटीचे मिळून पैसे द्या, मी आतून करून देतो. ती पैसे द्यायला निघाली होती. नशीब, वाटेत शेजारीण भेटली आणि तिने तिला माझ्याकडे पाठवलं.

ॲफिडेव्हिटची अट 2020 मध्येच काढून टाकली आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, आधार आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडायची. कागद अपलोड झाले नाहीत तर अर्जाची प्रिंट काढून, सही करून, ईएसआयच्या शाखा कार्यालयात नेऊन द्यायची. मालकाकडून फॉर्म पुढे जाण्याचीही वाट बघायची गरज उरलेली नाही, खातरजमा शाखा करते. एवढं कळलं तरी निम्मी लूट थांबेल.

मग आम्ही दोघी बसलो. माझा एक नियम आहे. मोबाईल त्या माणसाच्याच हातात राहतो. पासवर्ड तोच ठरवतो, ओटीपी तोच टाकतो, मी शेजारी बसून सांगते. वेळ लागतो, लागू दे. तिची बोटं पॅकिंगच्या टेपने चिरलेली, स्क्रीनवर नीट उमटायचीसुद्धा नाहीत, तरी टायपिंग तिनेच केलं. कारण पुढच्या वेळी काही अडलं तर तिला तिचं खातं उघडता यायला हवं. दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडलेलं खातं आपलं नसतं, आणि तिचं नेमकं तेच झालं होतं.

विमा क्रमांक टाकून नोंदणी करायला गेलो तर ओटीपी येईना. नोंदलेल्या मोबाईलचे शेवटचे आकडे तिने बघितले आणि ओळखले, ‘ताई, हा तर आमच्या जुन्या सुपरवायझरचा नंबर!’ ठेकेदाराच्या ऑफिसात एकाच नंबरावर पंचवीस-तीस बायकांची नोंदणी करून टाकतात. त्या दिवसापुरतं त्यांचं काम उरकतं. पुढे बाई काम सोडून गेली, सुपरवायझर गावी गेला, की खात्याची किल्ली कायमची हरवते. मोबाईल बदलायला शाखेत आधार घेऊन स्वतः जावं लागलं. ते काम मात्र सरळ झालं. खिडकीवरच्या बाईंनी तिच्यासमोर नंबर बदलला आणि ‘आता आपल्या फोनवर बघा’ म्हणाल्या.

खातं उघडल्यावर खरं दुखणं समोर आलं. हप्त्यांचा तपशील ऑक्टोबर 2022 पासूनचाच दिसत होता. ती म्हणाली, मी तर 2019 पासून त्याच लाइनवर आहे, ठेकेदार बदलला फक्त. मी तिला घरातली सगळी जुनी कागदं आणायला सांगितली. पिशवीभर आणली तिने. त्यात रेशनकार्डाच्या झेरॉक्समध्ये घडी घातलेलं ईएसआयचं जुनं पहचान कार्ड निघालं. त्यावर वेगळाच दहा आकडी क्रमांक.

म्हणजे ऑक्टोबर 2022 मध्ये नवीन ठेकेदार आला तेव्हा त्याच्या ऑफिसने जुना क्रमांक विचारलाच नाही, नवीन काढून टाकला. हे किती सर्रास होतं ते मी टाइम ऑफिसात बसून पाहिलंय. जुना शोधायचा तर कामगाराला कार्ड आणायला पाठवा, तो विसरणार, परत सांगा. नवीन दाखवला की लगेच क्रमांक तयार. पण विमा क्रमांक हा माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. मालक कितीही बदलले तरी एकच चालायला हवा. रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये आधीच्या नोकरीची माहिती मागितलेली असते, ती जागा मोकळी सोडणं हा कामगारावर अन्याय आहे, आणि आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक क्लार्कला मी हे हात जोडून सांगते.

या योजनेत काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असावं लागतं. हप्त्यांचे वर्षात दोन भाग असतात, 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या भागात किमान 78 दिवसांचे हप्ते हवेत, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन भागांपैकी कुठल्यातरी एकात पुन्हा 78. तिने तर एक दिवस खाडा न करता काम केलेलं. पण नवीन क्रमांकावर जेमतेम आठ महिने दिसत होते, बाकीची सगळी वर्षं जुन्या क्रमांकावर अडकून पडलेली. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळ्या बायका होती, आणि त्यातली दुसरी अपात्र होती.

शाखेसाठी अर्ज आम्ही साध्या कागदावर मराठीत लिहिला. मजकूर देते, कोणाला उपयोगी पडेल: ‘मी 2019 पासून अमुक ठेकेदाराकडे व ऑक्टोबर 2022 पासून तमुक ठेकेदाराकडे काम केले. माझ्या नावे दोन विमा क्रमांक निघाले असून दोन्ही माझेच आहेत. दोन्ही क्रमांकांवरील हप्ते एकत्र धरून माझी पात्रता तपासावी व पुढे एकच क्रमांक चालू ठेवावा, ही विनंती.’ सोबत दोन्ही कार्डांच्या प्रती, आधार, पासबुक, आणि दोन्ही ठेकेदारांच्या मिळतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलं.

ते काम चालू असताना दुसरीकडे आणखी एक अडचण. ठेकेदाराने तिच्या कामाचा शेवटचा दिवस पोर्टलवर भरलाच नव्हता. कागदोपत्री ती अजून नोकरीत होती. ती त्याच्या ऑफिसात गेली तर तिथल्या माणसाने कोरा कागद पुढे केला, राजीनामा लिहून दे, मग लगेच भरतो. तिने सही केली नाही, बाहेर येऊन मला फोन लावला. तिच्या त्या शहाणपणाचं मला आजही कौतुक वाटतं. गैरवर्तनाबद्दल काढलेल्या, वयाने निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला हा भत्ता मिळत नाही. त्यामुळे काम सुटल्याचं कारण म्हणून काय नोंदवलं जातंय, ते वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी त्या माणसाशी फोनवर बोलले. आवाज चढवला नाही. मासिक हप्ता भरताना कारणांची यादी येते, त्यात ‘छाटणी’ हेही कारण आहे, जे खरं आहे ते निवडा आणि तारीख टाका, एवढंच सांगितलं. समोरच्याला यादी माहीत आहे हे कळलं की लोक सरळ वागतात. दोन दिवसांत तारीख पडली.

बँकेचं काम किरकोळ, पण त्यानेही अर्ज परत आला असता. तिचं पासबुक देना बँकेचं. ती बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला. पासबुकावर जुनाच छापलेला. ऐरोलीतल्या शाखेतून नवीन पासबुक घेतलं आणि तेच जोडलं.

सप्टेंबरात पैसे खात्यात आले. मेसेज आला तेव्हा ती कोपरखैरण्याला एका मसाल्याच्या गाळ्यात रोजंदारीवर लागली होती. रात्री पेढे घेऊन आली. पहिल्यांदा मुलाच्या शाळेची थकलेली फी भरली म्हणाली.

मधल्या काळात दवाखान्याचीही सोय होती, हे तिला माहीत नव्हतं. ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यांवर पुढच्या 1 जुलै ते 31 डिसेंबरपर्यंत उपचार मिळतात, काम सुटलं तरी. मुलाचा पंप तिने जुलैत खिशातून विकत आणला होता. ऑगस्टपासून दवाखान्यातून घेतला.

फंडाबद्दल थोडक्यात. तिथे तिचा यूएएन, म्हणजे फंडाचा कायमचा क्रमांक, एकच निघाला, त्यामुळे फारसा त्रास झाला नाही. ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः ती भरू शकतो, ही सोय 2020 पासून आहे. आणि दर महिन्याच्या 27 तारखेला ‘निधी आपके निकट’ या नावाने फंडाचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात तक्रारी ऐकायला बसतात. तिथे जरूर जा. समोरासमोर बोलून जे सुटतं ते घरबसल्या सुटत नाही.

कारखानाच कायमचा बंद झाला किंवा कायद्याने छाटणी झाली असेल, तर 1 एप्रिल 2005 पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे. तिथे 24 महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिले 12 महिने 50 टक्के, नंतरचे 12 महिने 25 टक्के. त्यामुळे अर्जाआधी शाखेत आपलं प्रकरण नीट सांगा आणि कुठली योजना लागू होते ते विचारा. अटल योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, आपल्या वेळी ती चालू आहे का, हेही तिथेच विचारा. ईएसआयची टोल फ्री लाइन 1800-11-2526 आहे.

ओळखीतलं कोणी आता कामावर असेल तर त्याला आजच सांगा: खात्यात मोबाईल कोणाचा आहे बघ, हप्ते दर महिन्याला पडतात का बघ, ठेकेदार बदलला की जुनं कार्ड आधी दाखव. काम चालू असताना ही दुरुस्ती सोपी असते, तेव्हा ठेकेदाराला आपली गरज असते.

आमच्या भागातल्या कोणाला कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी मी घरीच असते. येताना आधार, पासबुक, जी सापडतील ती सगळी ईएसआय कार्डं आणि पगाराच्या स्लिपा आणा, फाटक्या असल्या तरी चालतील. आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तोच फोन आणा, आणि तो पूर्ण चार्ज करून आणा.