टेप तापली की प्लॉट आखडला?

विश्व पसरत गेलं, तसा प्रकाशाचा वेगही बदलत आला का? उत्तराआधी जरा टेपकडे बघू. मे महिन्यात भर दुपारी नागपुरात प्लॉट मोजायला घेतला की पोलादी टेप हमखास दगा देते. ३० मीटरची टेप २० अंशांना बरोबर असते; ४५ अंशांना ती जवळपास ९ मिलिमीटर लांबते, आणि उन्हात तापलेल्या मुरमावर पसरली तर त्याहून जास्त. टेप लांबली की आकडा कमी भरतो, आणि मालक म्हणतो, “प्लॉट आखडला काय भाऊ?”

आता समजा, टेपबरोबर जमीनही तितकीच ताणली गेली. आकडा ३०च येणार, आणि भांडायला कोणी येणार नाही.

विश्व पसरताना प्रकाशाचा वेग बदलत आला का, या प्रश्नाची गोम इथेच आहे. १९८३ पासून मीटर म्हणजेच प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात कापतो ते अंतर. म्हणजे मीटरमध्ये वेग मोजाल तर उत्तर आधीच ठरलेलं. नागपुरातला झीरो माइलचा दगड रात्रीतून वर्धा रोडला नेऊन ठेवला, तरी झीरो माइलपासून त्याचं अंतर शून्यच!

शंका मात्र पोरकट नाही. आकाशाच्या दोन टोकांचं तापमान इतकं सारखं कसं, याचं उत्तर म्हणून अल्ब्रेख्ट आणि मागेइजो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ‘सुरुवातीला प्रकाश फार वेगवान होता, म्हणून दूरदूरच्या भागांचा एकमेकांशी संपर्क झाला’ अशी कल्पना मांडली होती. पण तपासायचं तर एककच नसलेली संख्या हवी. विद्युतचुंबकीय बलाचा जोर सांगणारा सूक्ष्मरचना स्थिरांक ही तशी संख्या आहे : सुमारे १/१३७.०३६. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशवेग तिच्यात असे गुंतलेत की मीटर, सेकंद सगळे कटतात.

गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीत सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमची अणुभट्टी आपोआप पेटली होती. तिथल्या उरल्यासुरल्या समेरियम या मूलद्रव्यावरून दिसतं, की ही संख्या तेव्हापासून फार तर कोटीत एखाद्या भागानं हलली असेल.

त्याहून जुनं पाहायचं तर क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं. त्यांचा प्रकाश वाटेतल्या वायुढगातून येताना त्यात काळ्या रेषा उमटतात. संख्या बदलली तर लोखंडाच्या रेषा बऱ्याच सरकतात, मॅग्नेशियमच्या जेमतेम. म्हणून मॅग्नेशियम खुंटी, आणि तिच्यापासून लोखंड मोजायचं. हवाईतल्या केक दुर्बिणीच्या नोंदींत ही संख्या पूर्वी लाखात एखाद्या भागानं कमी दिसली, चिलीतल्या दुर्बिणीत उलट जास्त. मग लक्ष गेलं पट्टीकडे. तरंगलांबीची पट्टी आखायची थोरियमच्या दिव्यावरून; पण दिव्याचा उजेड आणि क्वेसारचा उजेड उपकरणाच्या फटीत अगदी एकसारखे पडत नाहीत. पट्टी टोकाकडे किंचित वाकडी होते, आणि तेवढ्यानंही लाखातला तो एक भाग निघू शकतो. हीसुद्धा तापलेली टेपच की!

आता दिव्याच्या जोडीला लेझरचा कंगवा आलाय. त्याचे दात म्हणजे प्रकाशाच्या बारीक रेषा; त्या सारख्या अंतरावर असतात आणि ते अंतर अणुघड्याळाला बांधलेलं असतं.