आमची वाटचाल : लाकूड स्वस्त, गर महाग

2009 साली कुडाळजवळच्या एका जुन्या शेडमध्ये आम्ही काजू फोडायला सुरुवात केली. जळणाचा हिशेब तेव्हा एवढाच असायचा, लाकडाचा टेम्पो कितीला आला. बी वाफवायला तेच लाकूड, गर सुकवायच्या बोरम्यालाही, म्हणजे ट्रे लावलेल्या गरम हवेच्या कपाटालाही, तेच. वीज महाग, म्हणून ती दिव्यापंख्यांपुरती.

कागदावर हे बरोबरच होतं. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी उष्णता, वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण 3500. म्हणजे किलोभर लाकूड चार युनिटांच्या तोडीचं. पण आमच्या भट्टीची बरीचशी आच धुराड्यातून निघून जायची. पावसाळ्यात लाकूड ओलं, मग आधी त्याचंच पाणी आटवायचं.

खरं नुकसान मात्र ट्रेमध्ये होत होतं. गर 60-70 अंशांवर सहा-आठ तास एकसारखा सुकला पाहिजे. आमच्या बोरम्यात खालचा ट्रे करपायचा आणि वरचा ओलसर राहायचा. करपलेला अख्खा गर पांढऱ्या गराच्या भावात कोण घेणार? ही घट मी कधी जळणखर्चात धरलीच नव्हती. वही सांभाळणाऱ्या माझ्या बायकोने ती धरली, किलो गरामागे खर्च काढला आणि वही माझ्यापुढे ठेवली. त्याच वर्षी आम्ही विजेचा बोरमा घेतला. बिल वाढलं, करपा जवळजवळ थांबला.

बी वाफवायच्या बॉयलरचा प्रश्न वेगळा होता. 100 किलो बीतून गर निघतो 25-30 किलो, बाकी बहुतेक टरफलच. ते आम्ही सरळ बॉयलरमध्ये घातलं. टरफलातल्या तेलाने नळ्यांना डांबर धरलं, धुराने शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरले. त्यांची तक्रार रास्त होती. आम्ही ते बंद केलं. आता टरफल तेल काढणाऱ्याला विकतो आणि तेल काढलेली पेंड जळणाला आणतो.

कारखाना बंद असला तरी विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो. म्हणून बोरमा आणि सोलणीयंत्राचा कॉम्प्रेसर एका वेळी चालवत नाही. त्यामुळे मंजूर भार, म्हणजे एका वेळी वापरायच्या विजेची मर्यादा, कमी करून घेता आला आणि त्याबरोबर हा आकारही. जनरेटर लिटरभर डिझेलला जेमतेम तीन-साडेतीन युनिटं देतो. तरी तो ठेवलाय, बोरम्यात माल असताना वीज गेली तर तेवढ्यापुरता.