महाराज श्वास घेत तेव्हा टाळ अंगावर येत

हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन होतं, साउंड माझ्याकडे होता. महाराजांचा आवाज मी आधी ऐकला होता: दृष्टान्त सांगताना जवळजवळ कुजबुज, आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ला सगळा मांडव दणाणून जाईल असा. म्हणून त्यांच्या माईकवर कंप्रेसर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचा आवाज आपोआप दाबणारी सोय, चांगलाच आवळून ठेवला. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबायचं) उणे ३० डेसिबल, रेशो (किती पट दाबायचं) ८:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ८०, वर मेकअप गेन (दाबून झाल्यावर आवाज परत उचलणं) १२ डेसिबल. शेवटच्या माणसालाही कुजबुज ऐकू जावी, एवढाच हेतू.

पहिली दहा मिनिटं मी खूश होतो. मग शेजारी बसलेले एक म्हातारे वारकरी माझ्याकडे वळून म्हणाले, “माउली, महाराज थांबले की टाळ अंगावर येत्यात बघा.”

खरंच येत होते. आवाज उणे ६ वर गेला की थ्रेशोल्डच्या वरचे २४ डेसिबल ८:१ ने दाबून ३ च उरत, म्हणजे २१ डेसिबल कपात. महाराज श्वास घ्यायला थांबले की ती कपात क्षणात सुटे, आणि मागच्या टाळकऱ्यांचा आवाज त्याच माईकमधून १२ डेसिबलने चढून येई. कंप्रेसर फक्त मोठा आवाज दाबतो, मेकअप गेन मात्र सगळंच वर उचलतो. शांतताही. एकदा सगळे थांबले आणि स्पीकरने बारीक शिट्टी धरली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पखवाजाच्या धुमेवरही, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या थापेवरही, कंप्रेसर दबत होता, शब्द आत ओढले जात होते.

चालू कीर्तनात झटके देता येत नाहीत. गजर सुरू झाला तसा मेकअप हळूहळू ३ वर उतरवला. थ्रेशोल्ड उणे १४, रेशो ३:१. अटॅक २५ केला, कारण १ मिलिसेकंदात ‘ठ्ठ’चा ठसकाच चिरडला जात होता. रिलीज २५०. कंप्रेसर ज्यावरून आवाज मोजतो त्या साइडचेनमध्ये १२० हर्ट्झखालचं कापलं, मग धुमेवर तो दबेना. आता बोलताना मीटर हलत नव्हता, टिपेला ५-६ डेसिबल कपात दिसे. कुजबुजीसाठी मी फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणावर, बोट ठेवून बसलो. पुढचा दीड तास ते काढलंच नाही.

काल्याच्या अभंगात गोपाळांची गोष्ट सांगता सांगता महाराज मध्येच थांबले. मांडवात कुणी हललं नाही. मीटरवरचा एकही दिवा पेटला नाही. मग त्यांनी अगदी हळू म्हटलं, “कृष्णा...” आणि मी फेडर केसभर वर सरकवला.