ओटीचा की शिवायचा?

अठराव्या शतकातल्या युरोपीय गाऊनचा घाट आणि कापड मात्र आपलं, असं बारा पोशाखांचं कलेक्शन मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये करत होते. मलमल ठरली होती, मच्छलीपट्टणची कलमकारी आली होती. युरोपात ‘चिंट्झ’ म्हणून गाजलेलं कापड म्हणजे आपलं चीटच. त्याची मागणी इतकी वाढली, की इंग्लंडने १७२१ मध्ये कायदा करून छापील सुती कपडे घालायला बंदी आणली आणि ती १७७४ पर्यंत राहिली. पण माझा जीव खणावर होता. मुख्य गाऊन मला खणाचाच हवा होता.

त्या सकाळी ठोक व्यापाऱ्याकडून ताके आले. फोनवर त्याने ‘हातमागाचा, सूत-रेशीम’ असं सांगितलेलं. उलगडून बघते तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच. हातमागाचा खण सहसा एवढा रुंद नसतो. तिथंच मनात शंका आली. काठाजवळचे चार धागे ओढून काढले, चिमट्यात धरून काडी लावली. सूत जळताना जळक्या कागदाचा वास येतो, राख बोटांत चुरते. रेशमाला केस जळाल्यासारखा वास असतो. हा धागा मात्र आक्रसत गेला आणि टोकाला काळी, कडक गोळी उरली. नखानं दाबली तरी फुटेना. चक्क पॉलिस्टर! पैसे आगाऊ दिले होते आणि प्रदर्शनाला एकवीस दिवस उरले होते. मला रडूच आलं.

दुपारी महाद्वार रोड गाठला. पहिल्या दोन्ही दुकानांत एकच प्रश्न : “ओटीचा की शिवायचा?” अंबाबाईच्या दारातला बाजार तो, तिथं खण बहुतेक नारळासोबतच विकला जातो. तिसऱ्या दुकानात मी आधीच सांगितलं, “शिवायचा. हातमागाचाच पाहिजे.” काकांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि आतल्या फळीवरून एक न कापलेला ताका काढला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. मोरपंखी अंग, दोन्हीकडं लाल काठ, उभ्या धाग्यांनी विणलेली बारीक बुट्टी. हलवला की हिरव्यातून निळा झळकायचा. काडी काकांनीच लावली. टेप लावला : पन्हा ३१ इंच. होता तेवढा सगळा घेतला.

वर्कशॉपमधल्या टेलर मास्तरांनी माझ्या पॅटर्नचे कागद त्यावर पसरले आणि मान हलवली. “ताई, एवढ्या पन्ह्यात ह्यो घेर बसायचा न्हाई बघा. सगळीकडं जोड दिसणार.”

खरंच बसत नव्हता. कागद ४४ इंचांसाठी काढलेले. मी जुन्या गाऊनवरच्या माझ्या नोंदींची वही उघडली आणि माझी चूक तिथंच दिसली. त्या काळचं लंडनच्या स्पिटलफील्ड्सचं रेशीम जेमतेम वीस इंच पन्ह्याचं असायचं. शिलाईपेक्षा कापड कितीतरी महाग, म्हणून ते कमीत कमी कापायचे; काठाला काठ जोडायचे आणि जास्तीचं कापड चुण्यांत दडवायचे, म्हणजे पुढं उसवून दुसरं काही शिवता यायचं. हे सगळं मीच लिहून ठेवलेलं, आणि बेत मात्र यंत्रमागाच्या पन्ह्याचा धरला होता! अरुंद मागाच्या कापडासाठीच तो गाऊन जन्मला होता. खण त्याला कमी पडणारच नव्हता.

कागद बाजूला ठेवले. चार पन्हे जोडले की १२४ इंच, शिवणीत गेलेलं धरूनही घेर भरपूर. “म्हंजे लुगड्यावानी निऱ्याच की,” म्हणत मास्तरांनी खडू उचलला. त्यांनी दोन पन्हे कच्च्या टाक्यांनी जोडले. दोन लाल काठ शेजारी आले आणि घेरावर सरळ उभा पट्टा उतरला. ज्या जोडाला आम्ही भीत होतो, तोच आता सगळ्यात देखणा दिसत होता.

मग मी त्यांना आतल्या शेमीजचा नमुना दाखवला. सगळे सरळ चौकोन, आणि हात मोकळा हलावा म्हणून काखेत एक लहान चौकोनी तुकडा. मास्तर त्या तुकड्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प होते. “ह्यो तर आमच्या आईच्या चोळीतला तुकडा,” ते म्हणाले. “मी पैल्यांदा ह्योच शिवायला शिकलो.”

संध्याकाळी काकांना फोन केला, त्याच रंगाचा आणखी तीस मीटर हवा म्हणून. “एका रंगात तेवढा मिळायचा न्हाई, पोरी. मागावर निघंल तसा येतो. डाळिंबी हाय, चालंल?”

“चालेल,” म्हटलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मोरपंखीला डाळिंबी जोडून बघितला.