जुन्या कापडांची पॅचवर्क पिशवी: माझा अनुभव

आजीच्या ट्रंकेतलं चिंध्यांचं गाठोडं दोन वर्षं नुसतं इकडून तिकडे करत होते, टाकवत नव्हतं आणि त्याचं करायचं काय तेही सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं पिशवी करू, क्रेझी पॅचवर्कची, म्हणजे वेडेवाकडे तुकडे एका साध्या कापडावर बसवायचे आणि जोडांवर हाताने भरतकाम करायचं. 1880 च्या दशकात अमेरिका-इंग्लंडमध्ये याची जाम फॅशन होती, तेव्हाही रेशीम, मखमल, रिबिनी असलंच सगळं वापरायचे. मला वाटलं मापाचे तुकडे नकोत म्हणजे सोप्पं काम. कसलं काय!

पहिला आठवडा नुसता धुण्यात गेला. सुती तुकडे कोमट पाण्यातून काढले, पण लाल मखमलीवर ओला पांढरा कपडा दाबून बघितला तर गुलाबी डाग, म्हणून ती धुतलीच नाही, तशीच घेतली. कापड विरलंय का ते बघायला उजेडासमोर धरायचं आणि उभं-आडवं हलकंच ताणायचं. हे मी सगळ्या तुकड्यांना केलं, फक्त एका मोरपंखी रेशमाला नाही केलं, कारण खरं सांगायचं तर मला ते वापरायचंच होतं.

आणि नेमकं तेच गेलं. त्याच्या कडेने फेदर स्टिच, म्हणजे पिसासारखा दिसणारा टाका, घालत होते, अर्धी ओळ झालेली, सुई आत गेली आणि फाटल्याचा आवाजसुद्धा नाही, सुईच्या भोकापासून सरळ एक चीर धावत गेली, जुनं पत्र घडीवर उकलतं ना अगदी तशी. नंतर वाचलं की पूर्वी रेशीम वजनावर विकायचे म्हणून त्यात कथलाचे वगैरे क्षार भरून ते जड करायचे, आणि असं रेशीम काही वर्षांनी आपलं आपणच चिरतं. मी उसवलं नाही. वरून त्याच रंगाचं पातळ नेट ठेवलं, सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर काढून बारीक टाक्यांनी कडेने टाचलं, आणि चिरेवरून तिरका साखळी टाका नेला. आता लोक नेमकं त्याच कोपऱ्याचं कौतुक करतात, मी गप्प बसते.

दुसरी चूक मात्र शुद्ध आळशीपणाची. खालचं कापड मी आधीच मापात कापून ठेवलं होतं, 30 सेंटिमीटर चौकोन. भरतकामाने कापड आत ओढलं जातं हे माहीत असून! काम संपलं तेव्हा ते 28 च्या थोडं वर भरलं, शिवणीसाठी सोडलेली माया सगळी खाल्ली गेली आणि कापून ठेवलेलं अस्तर आत पोत्यासारखं लोंबायला लागलं. परत उसवा, परत कापा. खालचं कापड सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर जास्त घ्या आणि शेवटी मापात कापा, एवढं तरी माझं ऐका.

लेस मशीनवर लावायच्या भानगडीत पडू नका, माझी एक क्रोशाची लेस दात्यात अडकून गेली. बाकीची हातानेच लावली, वेळ लागतो पण वळणावर नीट बसते. जरीची काळी पडलेली पट्टी घासायचा मोह झाला होता, नाही घासली, काळीच बरी दिसते. बंदांना मात्र जुनं कापड अजिबात नको, सगळं वजन तिथेच येतं, मी आत नवीन जाड सुती पट्टी घातली आणि वरून फक्त शोभेला जुनी रिबीन.

दीड महिना लागला. पहिल्यांदा मिरवत घेऊन गेले त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता, आणि खूप उकडत होतं. घरी येऊन बघते तर कमरेपाशी मखमलीच्या तुकड्याच्या आकाराचा गुलाबी डाग.